औषधांचे कारखाने आणि संगणकाची परीक्षा

दिवेआगर येथें सांपडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठींतील अतिप्राचीन कालनिर्दिष्ट लेखांत गणला जातो. तांब्यावर कोरलेलें अक्षर सहजासहजीं पुसतां येत नाहीं. कोणीं फेरफार केलाच तर घावाची खूण मागें राहते. त्याच रायगड जिल्ह्यांत महाड, रोहें, पाताळगंगा या ठिकाणीं आज रसायनांचे व औषधांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतील नोंदी आतां तांब्यावर सोडाच, पण पुष्कळदां कागदावरही नसतात. त्या संगणकांत असतात. संगणकांतील आंकडा तर बोटाच्या एका स्पर्शानें बदलतो. मग त्याच्यावर भरंवसा कोणत्या आधारें ठेवावयाचा? या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच औषधधंद्यांतील सॉफ्टवेअरची पडताळणी, ज्यास कारखानदार ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात.

एका गोळींत ५ मिलिग्रॅम औषध असावयाचें असेल, तर एक लाख गोळ्यांच्या घाण्यास अवघें ५०० ग्रॅम औषध लागतें. तें कित्येक किलो भुकटींत सर्वत्र सारखें मिसळलें पाहिजे. गोळी तपासावयाची म्हणजे ती कुटून विरघळवावी लागते; तेव्हां प्रत्येक गोळी तपासणें शक्यच नाहीं. म्हणून गोळी बनविण्याची कृतीच विश्वासार्ह असावी लागते. वजन करणें, मिसळणें, वाळविणें हीं कामें अनेक ठिकाणीं यंत्रें सॉफ्टवेअरच्या आज्ञेवरून करतात. कामगार चुकला तर एखादा घाणा बिघडेल. परंतु आज्ञेंतील दशांशचिन्ह चुकलें, तर यंत्र तीच चूक न थकतां प्रत्येक घाण्यांत करीत राहील.

पडताळणीचा आरंभ यंत्रापासून नव्हे, लेखणीपासून होतो. सॉफ्टवेअरनें काय करावें आणि काय कदापि करूं नये, हें प्रथम स्पष्ट शब्दांत लिहितात. पुढें तीन पायऱ्या असतात: मांडणी बरोबर झाली आहे काय, प्रत्येक क्रिया ठरल्याप्रमाणें होते काय, आणि प्रत्यक्ष उत्पादनांत तें काम पुनःपुन्हां तसेंच होतें काय. या परीक्षेंत मुद्दाम चुका केल्या जातात. मुदत संपलेला माल यंत्रापुढें ठेवतात, वजन कमी भरतात, मिश्रण चालू असतां वीज तोडतात, अधिकार नसलेल्या माणसास आज्ञा देण्यास सांगतात. अशा वेळीं यंत्रानें नकार दिला पाहिजे. तें निमूटपणें पुढें चाललें तर तें नापास! प्रत्येक निकाल लिहून त्यावर सही होते. आणि नंतर सॉफ्टवेअरमध्यें बदल केला, तर त्याचा परिणाम जेथें जेथें पोहोंचेल तेथें परीक्षा पुन्हां घ्यावी लागते.

ताम्रपटावरील घावाची जागा येथें फेरफारांच्या आपोआप होणाऱ्या नोंदीनें घेतली आहे. मूळ आंकडा कोणता, नवा कोणता, कोणीं, केव्हां व कां बदलला, हें सारें तींत राहतें. चौघांनीं मिळून एकच सांकेतिक शब्द वापरला, तर मात्र ‘कोणीं’ या प्रश्नास उत्तरच उरत नाहीं. अमेरिकेंत अशा नोंदींविषयींचा ‘भाग अकरा’ हा नियम ऑगस्ट १९९७ मध्यें अमलांत आला. भारतानें २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनें ‘शेड्यूल एम’ सुधारलें, त्यांतही संगणकप्रणालींची पडताळणी अंतर्भूत आहे.

तथापि यंत्रास सत्यासत्याचा विवेक नाहीं, हें विसरतां कामा नये. १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्यानें दूषित झालेलें ग्लिसरीन पोटांत गेल्यामुळें चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी आयोगानें खरेदी व तपासणी यांतील गंभीर दोष उघडकीस आणले. त्या प्रकरणाशीं संगणकाचा संबंध नव्हता. पण धडा तोच आहे. तपासणी न करतांच ‘उत्तीर्ण’ असें भरलें, तर उत्तम सॉफ्टवेअरही तें असत्य अत्यंत काळजीपूर्वक जतन करील. म्हणून यंत्राच्या परीक्षेबरोबर माणसाची सचोटीही लागते.

गृहस्थाच्या हातांत या साऱ्या व्यवस्थेचा एकच धागा येतो, तो म्हणजे वेष्टनावर छापलेला बॅच नंबर. त्या आंकड्यावरून घाण्याची सर्व हकीकत शोधतां येते. तेव्हां गोळ्या संपेपर्यंत तो भाग कापून फेंकूं नये. आणि औषधाविषयीं शंका आल्यास वैद्यास अथवा औषधविक्रेत्यास प्रथम तोच दाखवावा.