वरिष्ठ पोलीस पदे : पदनाम, दर्जा आणि अधिकार

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून खोपोलीस जाताना महसुली जिल्हा बदलत नाही. दोन्ही नगरे रायगड जिल्ह्यातच आहेत. पोलीस अधिकाराची हद्द मात्र वाटेत बदलते. पनवेल हे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडते. हे आयुक्तालय १९९४ साली स्थापन झाले. खोपोली अलिबाग येथील जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अधिकाराखाली येते.

आयुक्तालयातील परिमंडळाचा उपायुक्त आणि जिल्ह्याचा अधीक्षक हे दर्जाने सामान्यतः समकक्ष होत. तथापि अधीक्षक हा जिल्हा दलाचा प्रमुख असतो, तर उपायुक्त हा आयुक्ताचा दुय्यम अधिकारी होय. आयुक्त ही वस्तुतः श्रेणी नसून पद आहे. त्या पदावरील अधिकारी विशेष पोलीस महानिरीक्षक अथवा अपर पोलीस महासंचालक या दर्जाचा असू शकतो. मुंबईच्या आयुक्तपदी महासंचालक दर्जाचे अधिकारीही राहिले आहेत.

खरा भेद कायद्यात आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम १७ अन्वये जिल्ह्यातील पोलीस दल जिल्हादंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असते. कलम ३७ अन्वये जमावबंदीसारखे आदेश जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी काढतो, आयुक्तालयात स्वतः आयुक्त. म्हणजे खोपोलीत आदेश देणारा आणि तो अंमलात आणणारा हे भिन्न खात्यांचे अधिकारी असतात. पनवेलीत दोन्ही कार्ये एकाच दलाकडे येतात. निर्णयाची त्वरा त्यामुळे वाढते, परंतु दलाबाहेरील अधिकाऱ्याने आधी विचार करण्याची संधी उरत नाही. असा प्रतिबंध पंधरा दिवसांहून अधिक काळ ठेवावयाचा झाल्यास राज्य शासनाची मंजुरी लागते, ही मर्यादा दोहोंस समान आहे.

या द्वैताची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. लंडनमध्ये १८२९ साली रोवन व मेन हे पहिले दोन आयुक्त नेमले गेले, ते दंडाधिकारी म्हणूनच. मुंबईत फ्रँक सूटर १८६४ साली पहिले पोलीस आयुक्त झाले. जिल्हा पोलिसांची घडण मात्र नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंधमध्ये आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर उभारलेल्या दलापासून निघाली.

परदेशांत हीच पदनामे निराळा अर्थ धारण करतात. ब्रिटनमध्ये सुपरिंटेंडेंट ही मधली श्रेणी असून लंडनबाहेरील दलाचा प्रमुख चीफ कॉन्स्टेबल म्हणविला जातो. न्यूयॉर्कचा पोलीस कमिशनर महापौराने नेमलेला नागरी अधिकारी असतो. गणवेशधारी अधिकाऱ्यांत सर्वोच्च चीफ ऑफ डिपार्टमेंट होय. पॅरिसचा पोलीस प्रीफेक्ट, ज्याचे पद १८०० साली निर्माण झाले, हा केंद्र शासनाचा प्रतिनिधी असतो.

तात्पर्य, पदनामांची कोष्टके समोरासमोर मांडून तुलना साधत नाही. अधिकाऱ्याची नेमणूक कोण करतो, तो कोणास उत्तरदायी आहे आणि स्वतःच्या सहीने कोणता आदेश काढू शकतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच पदाचे खरे स्वरूप स्पष्ट होते.