छपरावरची वीज आणि घरातला हिशोब

न्हावा शेवा म्हटले की बाहेरच्या माणसाला बंदर, कंटेनर आणि आता अटल सेतू आठवतो. पण विजेची गोष्टही या किनाऱ्याची जुनी ओळख आहे. उरणजवळ बोकडविऱ्याला गॅसवर चालणारे वीज केंद्र आहे. त्याच तालुक्यातल्या घारापुरी बेटावर मात्र समुद्राखालून केबल जाऊन वीज पोहोचायला २०१८ साल उजाडले. आता ही वीज घराच्या छपरावरच तयार होऊ लागली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. पॅनेल चढतात, नेट मीटर बसतो आणि पुढचे सगळे बिलावर सोडून दिले जाते. आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

बिलाची वाट का पाहायची?

आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देते. पण खाऱ्या हवेने जोड गंजतात, ट्रेलरची धूळ बसते, कधी लाइनचा दाब वाढून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. घरातले दिवे मात्र चालूच राहतात, कारण कमी पडलेली वीज महावितरणकडून येत असते. नुकसान कळते ते बिल हातात आल्यावर. ज्या घरचा कर्ता जहाजावर किंवा आखातात आहे, तिथे तर लक्ष कोण ठेवणार?

हिशोब कसा जुळतो?

इन्व्हर्टरला किती वीज तयार झाली ते कळते. नेट मीटरला किती घेतली आणि किती दिली ते कळते. घराने किती वापरली, हे एकट्याने दोघेही सांगत नाहीत. समजा, दिवसात १२ युनिट तयार झाले, ७ बाहेर दिले आणि रात्री ५ घेतले. म्हणजे घराचा वापर १० युनिट.

हा हिशोब आपोआप व्हावा म्हणून बऱ्याच इन्व्हर्टरला आरएस-४८५ नावाचे तारेचे टोक दिलेले असते. तिथे मॉडबस ही १९७९ पासून कारखान्यांत वापरली जाणारी भाषा चालते. ती तार घरातल्या छोट्या संगणकाला जोडायची आणि त्यावर होम असिस्टंटसारखी मोफत प्रणाली चालवायची. दुसरीकडे घराच्या डीबीमध्ये मुख्य तारेभोवती सीटीची कडी बसवून दोन्ही दिशा ओळखणारा आपला वेगळा मीटर लावायचा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

महावितरणच्या मीटरला मात्र हात लावू नये. त्याचे सील तोडणे हा वीज कायदा २००३ नुसार गुन्हा आहे. मीटरवरच्या लुकलुकत्या दिव्यासमोर सेन्सर लावून मोजता येते, पण वीज आत आली की बाहेर गेली हे तो दिवा सांगत नाही. सोलरच्या घरात तेवढ्याने भागत नाही.

रमजानचे उदाहरण

रमजानमध्ये घराची धावपळ सहरीला आणि इफ्तारनंतर असते. दोन्ही वेळा ऊन नसते. म्हणून टाकी भरणे, कपडे धुणे, इस्त्री, वाटण ही कामे दुपारी उरकावीत. उत्पादन वाढले की मोटर आपोआप सुरू होईल अशी सोयही करता येते. दिलेले युनिट बिलात वळते होतात हे खरे, पण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला मिळणारा भाव आपण देतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. लाइन गेली की साधा ऑनग्रिड संचही बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस अंधार होता. अशा वेळी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीच उपयोगी पडते.

घराची माहितीही अमानत

विजेच्या आलेखावरून घर कधी रिकामे असते हे सहज कळते. बरेच इन्व्हर्टर ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. म्हणून करारावर सही करण्याआधी ठेकेदाराला दोन प्रश्न विचारावेत: आरएस-४८५ किंवा मॉडबस खुले मिळेल का? आणि इंटरनेटशिवाय आकडे घरातच पाहता येतील का? आधीचा पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावा.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत मुलांना दिली जाते. ऊन फुकट आहे म्हणून त्याचा इस्राफ माफ होत नाही. रोज संध्याकाळी मुलांकडून दिवसाचे युनिट वाचून घ्यावेत. महिनाभरात घराला आपल्या सवयी कळतील.