आमचं उचगाव कुठं गेलं?

२००८ सालच्या विधानसभा निवडणुकीपूर्वीची गोष्ट. मतदारयादी पाहावयास शाळेच्या आवारात माणसे जमली होती. एका वृद्ध शेतकऱ्याने मजकडून मतदारसंघाचे नाव वाचवून घेतले आणि विचारले, “गुरुजी, आमचं उचगाव कुठं गेलं?”

गाव जागच्या जागीच होते. नाहीसा झाला होता तो उचगाव मतदारसंघ. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार तेथून अनेकदा विधानसभेत गेले होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नव्या सीमा आखल्या. बेळगाव शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. तालुक्याचा मोठा भाग बेळगाव ग्रामीणमध्ये गेला, तर काकती भागातील गावे हुक्केरी तालुक्यातील गावांशी जोडून अनुसूचित जमातींसाठी राखीव असा यमकनमर्डी मतदारसंघ झाला. लोकसभेचे चित्रही असेच आहे. बेळगाव शहर बेळगावात, निपाणी चिक्कोडीत आणि खानापूर थेट उत्तर कन्नडात! सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील खानापूरकर कारवार-भटकळच्या किनाऱ्यावरील मतदारांसमवेत आपला खासदार निवडतो.

मराठी मतांची अशी विभागणी झाल्याची खंत सीमाभागात आहे आणि ती अनाठायी नाही. परंतु ही खंत मांडावयाची कशी, याचा विचार आपण पुरेसा केला आहे काय? परिसीमन कायद्यात आयोगाने लक्षात घ्यावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत: प्रदेशाची सलगता, नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय. या यादीत भाषा नाही. ‘आम्ही मराठी आहोत’ एवढेच लिहिलेल्या निवेदनास म्हणून तेथे बळ मिळत नाही. मात्र ‘आमचा बाजार, दवाखाना, शाळा आणि एस्.टी. या गावाशी बांधलेली आहेत’ असे नकाशासह लिहिले, तर तो कायद्याच्या भाषेतला मुद्दा ठरतो. आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो आणि जाहीर बैठका घेतो. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र दाद मागण्याची वाट फार अरुंद उरते.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. २००८ मध्ये समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, तेव्हा दोष नव्या रेषांना दिला गेला. पण त्याच रेषांत २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर येथून समितीचे दोन आमदार झाले. आणि २०१८ व २०२३ मध्ये पुन्हा एकही नाही. रेषा त्याच होत्या. मग बदलले काय? गटबाजी आणि दुफळी यांचा हिशेब कोणत्याही आयोगाच्या दप्तरात सापडावयाचा नाही.

२००१ च्या ८४व्या घटनादुरुस्तीने पुढील फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर सोपविली. मी सरकारी शिक्षक. कोणा पक्षाची बाजू घेणे मला शोभत नाही. तथापि मसुदा वाचणे आणि मुदतीत हरकत नोंदविणे हा नागरिकशास्त्राचाच धडा आहे. गावातील चार लिहित्या मुलांनी आपल्या गावाचा नकाशा, रस्ते आणि लोकसंख्या आताच टिपून ठेवावी.

त्या वृद्धास त्या दिवशी मी समर्पक उत्तर देऊ शकलो नाही. “यादीत नाव आहे ना, मत द्या,” एवढेच म्हणालो. पुढच्या वेळी त्याच्या नातवाने तरी हा प्रश्न यादी लागण्याच्या दिवशी नव्हे, मसुदा निघण्याच्या दिवशी विचारावा.