मद्याचे अर्घ्य आणि श्रावकाचा त्याग

जपानमधील कोबे हे मोत्यांच्या व्यापाराचे नामांकित केंद्र. तेथे स्थिरावलेल्या जैन व्यापारी कुटुंबांनी १९८५ मध्ये भगवान महावीरांचे मंदिर उभारले. त्याच कोबेतील नादा हा परिसर ‘साके’ या तांदळाच्या मद्यासाठी जपानभर विख्यात आहे. मद्यत्यागाला श्रावकाच्या मूलगुणांत स्थान देणारा आपला धर्म आणि देवाला मद्य अर्पण करणारा शिंतो धर्म असे एकाच नगरीत नांदतात. म्हणूनच शेजाऱ्याचा आचार समजून घेणे अगत्याचे ठरते.

शिंतो देवस्थानांत तांदूळ, मीठ व पाणी यांसमवेत साके ठेवतात. त्यास ‘ओमिकी’ म्हणतात. भातशेतीवर जगलेल्या समाजाची ही कृतज्ञता होय. सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये झालेल्या ‘दाइजोसाई’ विधीतही नव्या तांदळासह पांढरे व काळे साके अर्पण करण्यात आले. पूजेनंतर अर्पिलेले अन्नपेय सर्वांनी मिळून सेवन करावयाचे, यास ‘नाओराई’ अशी संज्ञा आहे.

उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील ऐनू या मूळ रहिवाशांची रीत निराळी. भगरीसारख्या धान्यापासून ते ‘तोनोतो’ हे मद्य करतात. ‘इकुपासुय’ या कोरीव काष्ठपट्टीचे टोक त्यात बुडवून थेंब अग्नीला व देवांना वाहतात. माणसाची वाणी अपुरी पडली, तरी ही पट्टी प्रार्थना देवांपर्यंत पोहोचविते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आपल्या अष्टद्रव्यपूजेतही नैवेद्य असतो. परंतु अर्पिलेले द्रव्य आपण प्रसाद म्हणून परत घेत नाही. तेथे अर्पण म्हणजे देवासह सहभोजन. आपल्याकडे अर्पण म्हणजे ममत्वाचा त्याग. शिवाय आंबविलेल्या रसात असंख्य जीवांची उत्पत्ती व हिंसा होते, म्हणून आपल्या आचार्यांनी मद्य वर्ज्य सांगितले. ते देवापुढे ठेवल्याने आपल्यासाठी ग्राह्य ठरत नाही.

मग व्यापारानिमित्त तेथे गेलेल्या तरुणापुढे ओमिकीची वाटी आली तर? वाहन चालविणारे आणि वीस वर्षांखालील मुले तेथेही ती घेत नाहीत. तेव्हा हात जोडून, मस्तक लववून, ‘आमच्या धर्मात मद्य वर्ज्य आहे’ असे नम्रपणे सांगावे. यजमानाची श्रद्धा दुखवू नये आणि आपले व्रतही ढळू देऊ नये. परदेशी व्यापारात पत जशी शब्द पाळल्याने टिकते, तशीच ती व्रत पाळल्यानेही वाढते.