विश्लेषण : पेशवाईचे दोन दावेदार, धागे मात्र नाशिकचे! काय होता हा वाद?

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आनंदवल्लीला रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाईंचे नाव आहे. पुढच्या गंगापूर गावात त्यांच्या जाऊ गोपिकाबाई राहत होत्या. आनंदीबाईंचे पती आणि गोपिकाबाईंचा तान्हा नातू, दोघेही एकाच गादीचे दावेदार ठरले. या भाऊबंदकीनेच इंग्रजांना मराठी राज्याच्या वारसावादात हात घालण्याची संधी दिली.

वाद कशामुळे पेटला?

थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये निपुत्रिक वारले आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी काका रघुनाथरावांना दोषी धरले. तरीही त्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळवली.

दुसरा दावेदार कोण?

त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता! नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू आदी बारभाईंनी त्यांना पुरंदरवर हलवले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना त्याच साताऱ्याहून वस्त्रे आली. म्हणजे वर्षभराच्या आत दोन दावेदारांना एकाच दरबाराची मान्यता मिळाली.

बाळावर संशय का घेतला गेला?

मूल नारायणरावांचे नाहीच, असा रघुनाथरावांच्या पक्षाचा प्रचार होता. इंग्लंडमध्येही असेच घडले होते. १६८८ मध्ये स्टुअर्ट घराण्यातील राजा दुसरा जेम्स याला मुलगा झाला, तेव्हा बिछाना ऊबदार करण्याच्या भांड्यातून परके मूल राणीच्या दालनात आणल्याची आवई उठली. त्याच वर्षी जावई विल्यम फौज घेऊन आला आणि जेम्सला देश सोडावा लागला. वारसाच्या जन्मावर शंका घेतली की बंडाला कारण मिळते, हे दोन्हीकडे दिसले.

इंग्रज मध्ये कसे आले?

मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले, पण युद्ध थांबले नाही. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवरावांचे पेशवेपद मान्य झाले. रघुनाथरावांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

पुरंदरवर मुलगी झाली असती तर?

बारभाईंपुढे दत्तकाचाच मार्ग उरला असता आणि रघुनाथरावांचे पारडे जड झाले असते. पण सत्ता शेवटी त्यांच्याच शाखेकडे गेली. १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले. गादी टिकवण्यासाठी त्यांनीही १८०२ मध्ये वसईचा तह करून इंग्रजांची फौज स्वीकारली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. वारसाचा निवाडा घरात होईना, म्हणून दोन पिढ्यांनी बाहेरचा पंच बोलावला. शेवटी पंचच मालक झाला.