महापूर आणि कोरडे नळ

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा कोल्हापूरचा सखल भाग जलमय झालेला असताना जे नागरिक पुरापासून सुखरूप होते तेही घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होते. कारण शिंगणापूर व बालिंगे येथील उपसा केंद्रांत नदी शिरली होती.

अशी केंद्रे नदीकाठी बांधणे हा निव्वळ गलथानपणा नव्हे. वातावरणाच्या दाबावर विसंबणारा पंप पाणी ओढून घेतो ते सिद्धान्ततः सुमारे 10 मीटर उंचीपर्यंत, आणि व्यवहारात त्याहूनही कमी. सबब त्याला पाण्याच्या सान्निध्यातच राहावे लागते. शिवाय पूर ओसरला म्हणजे लगोलग कळ दाबावी, असेही नाही. मोटारी उघडून वाइंडिंगमधला गाळ धुवावा लागतो, ती उष्णता देऊन वाळवावी लागते, आणि मेगर हे रोधमापक लावून वाइंडिंगचा विद्युतरोध पुरेसा भरल्याची खात्री होईपर्यंत प्रवाह सोडता येत नाही. घाई केली तर पुरातून वाचलेली मोटार माणसाच्या हातून जळते.

बरे, तो प्रवाह तरी आणावा कोठून? उपकेंद्रेच पाण्यात असली तर जनित्राचा आश्रय घ्यावा लागतो. जनित्राला डिझेल लागते, ते रस्त्याने येते, आणि पुणे-बंगळूर महामार्ग तर शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. शहरातील शिल्लक इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवण्याची पाळी आली. त्यातही मौज अशी, की पेट्रोल पंपावरील भूमिगत टाकीतले डिझेल वर खेचायलाही वीजच लागते! मोबाईलचे मनोरे काही तास बॅटरीवर तग धरतात, आणि मग तेही त्याच डिझेलच्या रांगेत येऊन उभे राहतात.

पाणीपुरवठ्याचा आराखडा विजेवर हवाला ठेवतो, विजेचा रस्त्यावर आणि रस्ता मोकळा करणाऱ्यांचा दूरध्वनीवर. प्रत्येक खात्याची तजवीज आपापल्या कुंपणाच्या आत निर्दोष असेलही, पण शेजारच्या खात्याचा कारभार सुरळीत चालेल हे तिचे गृहीतकच पुराच्या पहिल्या रात्री वाहून जाते. जुलै 2021 मध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला, नळही पुन्हा आटले. विद्युत पॅनेले महापुराच्या रेषेच्या वर उचलण्याचे काम एका खात्याच्या अखत्यारीत उरकेल. परंतु पहिली वीज कोणत्या उपकेंद्रातून कोणत्या उपशाला द्यायची, त्याच्या जनित्रासाठी डिझेलचा कोणता पंप राखायचा आणि तिथून डिझेलचा टँकर कोणत्या उंच रस्त्याने न्यायचा, हे सर्व खात्यांनी एका मेजाभोवती बसून मृग निघण्यापूर्वीच ठरवायला हवे.