अगं, जोक होता!

गॅदरिंग जवळ आलं की मेसच्या दारात फिशपॉन्डचा बॉक्स लागतो आणि होस्टेलमधले सुप्त कवी जागे होतात. एस.ई.ला असताना मी फिशपॉन्ड कमिटीत होतो. बॉक्समध्ये चिठ्ठ्या कमी पडल्या की उरलेले फिशपॉन्ड आम्हीच रात्री रूमवर बसून पाडायचो. त्या वर्षी माझा एक सगळ्यात हिट झाला. आमच्या वर्गातल्या एका मुलीला मशीन्सच्या ओरलला २५ पैकी २४ मिळाले होते. तिच्या नावावर मी टाकलं :

“प्रश्न विचारले पाच, उत्तरं दिली शून्य,
एका स्माईलला २४ मार्क, काय हे पुण्य!”

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. वन्स मोअर मिळाला. तीही हसली. मला वाटलं, झालं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती समोर येऊन बसली. “फिशपॉन्ड तुझा ना? मला जरा समजावून सांग. यात हसायचं काय आहे?”

“म्हणजे... तू हसलीस... आणि एक्स्टर्नल...”

“हं. एक्स्टर्नल काय?”

वाक्य काही मला पूर्ण करता येईना. मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. म्हणालो, “अगं, जोक होता! लाइटली घे ना. तुम्हा मुलींना ह्युमरच नाही.” शेजारच्या टेबलावरून कुणीतरी “फेमिनिस्ट!” असं ओरडलं. परत हशा. ती चहा तसाच ठेवून उठून गेली.

हा लेख त्या अर्धवट राहिलेल्या वाक्याबद्दल आहे.

जोक नेहमी अर्धाच सांगितलेला असतो. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याने मनात भरायचा असतो, आणि तो भरला की हसू फुटतं. माझ्या दोन ओळींत ‘मुलींना मशीन्स कळत नाहीत’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ‘सर पाघळले’ असंही नव्हतं. ते सगळं हॉलमधल्या प्रत्येकाने आपापलं भरलं, तेही एका सेकंदात. म्हणजे माल आधीपासून डोक्यात तयार होता. खात्री करायची असेल तर हाच फिशपॉन्ड एखाद्या मुलाच्या नावावर वाचून बघा. कुणी हसणार नाही, कारण भरायला काही सापडत नाही.

आता माझ्या ओरलची गोष्ट. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, “गाव कुठलं?” मी म्हणालो, सांगली. निघाले तेही तिकडचेच! मग भडंग, पूर, क्रिकेट असं सगळं झालं. आम्ही दोघं मनसोक्त हसलो. इंडक्शन मोटरच्या स्लिपवर मी जे बोललो ते आठवलं तरी आज लाज वाटते. मार्क पडले २२. बाहेर आल्यावर मित्र म्हणाले, “याचं कम्युनिकेशन भारी आहे हां.” माझ्या हसण्यावर फिशपॉन्ड कुणी टाकला? कुणीच नाही. मी हसलो तर कॉन्फिडन्स, ती हसली तर सेटिंग!

‘मेल प्रिव्हिलेज’ म्हणतात ते हेच. हा शब्द ऐकला की पोरांचं डोकं फिरतं. “कसला प्रिव्हिलेज? बापाने कर्ज काढून शिकायला पाठवलंय!” अरे, माझ्याही बापाने काढलंय. ते कष्ट खोटे नाहीत. पण त्यावर एक जास्तीचं ओझं मला नाही, जे तिला आहे. मी व्हर्निअर चुकीचा वाचला तर मी गाढव ठरतो. तिने चुकीचा वाचला तर ‘मुलींना प्रॅक्टिकल जमत नाही’ असं ठरतं. पेगी मॅकिन्टॉश या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये यावर एक निबंध लिहिला होता. बायकांना तोटा होतो हे पुरुष कबूल करतात, पण त्यातून आपल्याला फायदा होतो हे कबूल करत नाहीत, हे त्यांनी नेमकं टिपलं. जी गोष्ट आपल्याला कधी अडलीच नाही ती दिसणार कशी?

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

“बाकीच्या मुलींना तर चाललं, त्या हसल्या की!” हसल्या. चारशे पोरांच्या हॉलमध्ये तीस मुली बसल्यात. न हसणारीवर पुढचा फिशपॉन्ड येणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या दिवशी तीही हसली होतीच ना?

“मुलीही आमच्यावर जोक मारतात.” मारतात, आणि मारू देत. पण आपण दाढी वाढवतो, आंघोळीला दांड्या मारतो, यावरच्या जोकने आपले मार्क, आपलं प्रोजेक्ट किंवा कॅम्पस इंटरव्ह्यू यावर कुणी शंका घेत नाही.

“मग काय, काही बोलायचंच नाही?” बोला की! तिने फिशपॉन्ड बंद करा असं म्हटलंच नव्हतं. तिने एक प्रश्न विचारला होता. ‘तुला ह्युमर नाही’ हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ते प्रश्न विचारणारीला गप्प बसवण्याचं साधन आहे. जोकचं काय, हे बाजूला राहतं आणि तिचा स्वभाव हाच विषय होऊन बसतो.

आपण इंजिनिअर, ‘डेटा दाखव’ म्हणणारे. तोही आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पुरुषांना बायकांची टिंगल करणारे जोक दिले, काहींना साधे जोक, आणि काहींना तोच बायकांबद्दलचा अनादर जोक न करता सरळ वाक्यांत दिला. नंतर विचारलं, स्त्रियांच्या एका संस्थेला किती देणगी द्याल? ज्यांच्या मनात बायकांबद्दल आधीच आकस होता, त्यांनी टिंगलीचे जोक वाचल्यावर सगळ्यात कमी देणगी सांगितली. सरळ वाक्यांनी तसं झालं नाही. ज्यांच्या मनात आकस नव्हता त्यांच्यावर जोकचाही असा परिणाम दिसला नाही.

म्हणजे ‘मी तसा नाही यार’ हे तुमच्यापुरतं खरं असू शकतं. पण हॉलमध्ये ‘तसा’ कोण बसलाय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमच्या जोकने त्याला गेट पास मिळतो. स्टाफमधल्या सरांनाही हात जोडून सांगतो : “मुलींनो, हा बॉयलर आहे, कुकर नाही” हे वाक्य वर्गात टाळ्या घेतं, पण ते ऐकलेलाच उद्या तिचा ग्रुप पार्टनर असतो. ए.आय.सी.टी.ई.चे २०१६ चे नियम आहेत, तक्रार समितीही आहे, आणि अश्लील शेरेबाजी त्यात येते. पण आपले बहुतेक जोक त्या पातळीला जातच नाहीत. म्हणून तर ते चालून जातात.

राहिलं ‘फेमिनिस्टांना विनोद कळत नाही’ हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं जात होतं. ताराबाईंनी बायकांवरचा एकेक आरोप घेतला आणि विचारलं, हे दुर्गुण पुरुषांत नाहीत काय? पुस्तक मिळवून वाचा, इतकी झणझणीत टिंगल आपल्या अख्ख्या फिशपॉन्ड कमिटीला जमणार नाही. तेव्हाही त्यांची चेष्टाच झाली. जोतीराव फुले ‘सत्सार’मधून बाजूने उभे राहिले, पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलेलं दिसत नाही.

आमच्या वर्गातलं सांगतो. टी.ई.च्या ओरलला ती आत गेली आणि बाहेर आली, चेहरा एकदम दगडी. मार्क १७. ‘या वेळी स्माईल घरी विसरली वाटतं’ हा जोकही आम्ही मारून घेतला. यंदा बी.ई. प्रोजेक्टला ती माझ्या ग्रुपमध्ये आहे. एकदा रात्री रिपोर्ट टाईप करताना सहज बोलली, “एक्स्टर्नलसमोर हसायचं नाही असं मी ठरवूनच टाकलंय. गुड मॉर्निंगसुद्धा तोंड सरळ ठेवून म्हणते.” कीबोर्डवरचे माझे हात थांबले. माझ्या दोन ओळी ती दोन वर्षं सोबत घेऊन ओरलला बसत होती. मला तर त्या आठवतही नव्हत्या.

सॉरी म्हणालो. “उशीर झाला,” ती म्हणाली, आणि रेफरन्सेस नीट लावायला सांगितले.

यंदाही बॉक्स लागेल. चिठ्ठी टाकण्याआधी एवढंच करून बघा : ज्याच्या किंवा जिच्यावर फिशपॉन्ड आहे, ती व्यक्ती समोर बसून ‘समजावून सांग’ म्हणाली, तर आपल्याला वाक्य पूर्ण करता येईल का? येत असेल तर बिनधास्त टाका.

हा लेख देण्याआधी मी तिला वाचायला दिला. नाव घालायचं नाही, ही तिची एक अट. शिवाय एक दुरुस्ती : “२४ नव्हे, २३ होते. तुझ्या फिशपॉन्डच्या मीटरमध्ये बसावं म्हणून एक मार्क तूच वाढवलास. त्यासाठी मी तुला स्माईल दिली नव्हती.”